दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात

ग्रंथालय, तळमजला
४ जून

प्रिय दादा,

पाकिटावर विद्यापीठाचा शिक्का बघून घाबरू नकोस. पुस्तक परत मागायला लिहीत नाहीये. (तुझ्याकडे एक आहेच, निवृत्तीच्या आधीपासूनचं. ते मी विसरल्यासारखं करते.)

कामाचं सांगते. तू निवृत्त झाल्यापासून आमच्या ग्रंथालयाने एक नवा उद्योग मांडलाय. त्याचं नाव खुलं भांडार. आपल्या माणसांनी केलेलं संशोधन आम्ही संगणकावर ठेवतो आणि जगात कुणालाही, कुठेही बसून, ते फुकट वाचता येतं. आजवर काय व्हायचं? प्राध्यापकाने दहा वर्षं खपून काहीतरी शोधायचं, ते जर्नलच्या हवाली करायचं, जर्नलने त्याला कुलूप घालायचं, आणि मग त्या कुलपाची किल्ली आम्ही दर वर्षी नव्याने विकत घ्यायची. यंदा आम्ही ती घेतली नाही. म्हणजे तुझे निबंध आता तुझ्याच विद्यापीठात वाचता येत नाहीत.

हे आत्ता लिहायला कारण घडलं. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या. गावाबाहेर त्यांची रोपवाटिका आहे. कोबीची कोवळी रोपं गोगलगायी फस्त करतात म्हणून अगदी रडकुंडीला आलेल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं, इथे एक प्रोफेसर होते, जन्मभर गोगलगायींवरच लिहायचे. त्यांना तुझा तो निबंध हवा होता, गोगलगायी कुठल्या महिन्यात किती बाहेर पडतात तो. मला देता आला नाही. ग्रंथपाल असून आणि तुझी सख्खी बहीण असून.

तेव्हा तुझे सगळे निबंध भांडाराला दे. वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी
छोटी


१७ जून

चि. छोटी,

आशीर्वाद. मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी उतरवून घेते आहे, कारण माझं अक्षर तुला ठाऊक आहे.

भांडार म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गोणी आणि तराजू येतो. संशोधन म्हणजे भाजीबाजार नव्हे. माझे एकतीस निबंध जगातल्या ज्या अकरा माणसांसाठी लिहिले होते, त्या अकरा जणांनी ते वाचले आहेत. त्यातले चौघे वारले. उरलेल्या सात जणांशी माझं पटत नाही. म्हणजे विषय संपला. तुझ्या कोबीवाल्या बाईंनी गोगलगायी हाताने वेचाव्यात, त्याला निबंध लागत नाही. ज्ञान असं उघड्यावर टाकलं की त्याच्यावर धूळ बसते.

पुस्तकाबद्दल तू कंसात काहीतरी लिहिलं आहेस. कंसातला मजकूर मी वाचत नाही.

तुझा
दादा

ता. क. घुबडा, हे माझं मी लिहितेय. पाकीट डकवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे खालची जागाही माझीच. धुळीचं वाक्य तीनदा बदललं, मध्ये दोन चहा झाले. तुझ्या त्या बाईंना सांग, जमीन दोन दिवस ओली राहिली की तिसऱ्या पहाटे, उजाडताना, सगळ्यात जास्त निघतात. वाफ्याच्या कडेला एक ओली फळी पालथी टाकून ठेवायची आणि सकाळी उलटायची. सगळ्या खाली चिकटून बसलेल्या सापडतात. नणंद झालीस तरी माझ्यासाठी शाळेतलं घुबडच आहेस, तेव्हा यांना हे कळवू नकोस.
मुंगी


२२ जुलै

चि. छोटी,

अनेक आशीर्वाद आणि मनापासून अभिनंदन. खुल्या भांडाराच्या कल्पनेचा मी पहिल्यापासून पुरस्कर्ता आहे हे तू जाणतेसच. ज्ञान कोंडून ठेवलं की त्याला कुबट वास येतो. सामान्यातल्या सामान्य माणसाला, उदाहरणार्थ एखाद्या कोबीवाल्या बाईला, ते सहज मिळालं पाहिजे, यावर माझा कायमच कटाक्ष राहिला आहे.

माझे एकतीसही छापील निबंध वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. ते तीस सप्टेंबरच्या आत भांडारात दिसावेत. तारीख आपली सहज सुचली म्हणून लिहिली.

तुझा
दादा

ता. क. तारीख सहज सुचलेली नाही. कुलसचिवांचं पत्र आलंय. विद्यापीठ यंदा एक मानद प्राध्यापक नेमणार आहे. जुन्या इमारतीत खोली आणि दारावर नावाची पाटी. अट अशी की तीस सप्टेंबरला भांडारात किमान तीस निबंध हवेत, तेही एकट्याने लिहिलेले. यांचे एकतीस आहेत, म्हणजे एक वरच. घुबडा, चार वर्षं झाली, हे रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या खोलीत बसतात, कुणी काही विचारायला येईल म्हणून. परवा एक जण आला. मीटर बघायला. त्याला यांनी अर्धा तास गोगलगायीचे दात समजावून सांगितले. मिळू दे बाई ती पाटी.


३० जुलै

प्रिय दादा,

तुझं पार्सल परत पाठवतेय. रागावू नकोस, आधी पूर्ण वाच.

छापील निबंध भांडारात ठेवता येत नाहीत, कारण ते तुझे नाहीत. प्रत्येक वेळी निबंध स्वीकारला गेला की जर्नलने तुला एक कागद पाठवला आणि तू त्यावर सही केलीस. त्या सहीने छापलेली पानं त्यांची झाली. शब्द तुझे, पण अंगावरचे कपडे जर्नलचे. आम्हाला चालतो तो तुझा स्वतःचा शेवटचा टाइप केलेला मसुदा, जर्नलने कपडे चढवायच्या आधीचा. एकतीस मसुदे पाठव, मी एका दिवसात कामाला लावते.

तुझ्याच वाट्याला हे आलंय असं नाही. सगळे इथेच अडतात. इतिहासाच्या बाईंनी चारशे वर्षांपूर्वीची पत्रं कुठून कुठून शोधून काढली, पण स्वतःचा मागच्या वर्षीचा मसुदा त्यांना सापडत नाही. रसायनवाल्या सरांनी तर मलाच विचारलं, 'मसुदा म्हणजे नक्की कुठला? मी तर फक्त सूचना देतो.'

छोटी


९ ऑगस्ट

छोटी,

मी सही केली? तुझी वहिनी पेन्सिलीने फुली करून देते तिथे मी सही करतो. बत्तीस वर्षं करतो आहे. या हिशोबाने मी आणखी काय काय देऊन बसलो असेन या विचाराने जेवण जात नाही. हे घर तरी माझं आहे का, ते बघायला सांगितलं आहे.

मसुदे नाहीत. पक्कं हातात आल्यावर कच्चं कोण जपतं? माझे निबंध मलाच वाचायचे तर जर्नलची परवानगी, आणि जगाला वाचायला द्यायचे तर माझ्याकडे नाहीत. आता तूच काय ते बघ. दिवस कमी उरले आहेत. कशाचे ते विचारू नकोस.

दादा

ता. क. मसुदे आहेत, सगळे. टाइप मी केले, मी कशाला टाकीन? शिवाय कागद जाड आणि चांगला. स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर, कपड्यांच्या कपाटात, चपलांच्या खणात अंथरलेत. तुझे बंधुराज नऊ वर्षं रोज ज्या बरणीतून साखर घेतात, ती त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या निबंधावर उभी आहे. काल हे केस कापायला गेले तेवढ्यात सगळे काढले, पुसले, क्रमाने लावले. पार्सल निघालंय. मागच्या बाजूंना माझं काहीबाही खरडलेलं आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. फळ्या आता बोडक्या दिसतात. विचारलं तर झुरळांचं औषध मारलंय म्हणणार आहे.


२० ऑगस्ट

मुंगे,

हे पत्र फक्त तुला आहे, म्हणून तुझ्या नावाने टाकतेय.

पार्सल उघडलं आणि आमच्या अख्ख्या तळमजल्यावर तुझ्या घराचा वास पसरला. लवंगा, डांबरगोळ्या आणि नवा साबण. शाळेच्या डेस्कातही तुझा कप्पा असाच असायचा, कागद अंथरलेला, पेन्सिली उंचीप्रमाणे. शेजारचा माझा म्हणजे उकिरडा. सिस्टर तपासायला यायच्या तेव्हा तू तुझा कप्पा उघडा ठेवून माझा पायाने झाकायचीस.

आणि निसर्गवही आठवते? 'रोज एक ओळ लिहा, पण खरी लिहा. पाहिलं नसेल तर पाहिलं नाही असं लिहा.' आम्ही सगळ्या जणी रोज फुलपाखरं आणि इंद्रधनुष्य लिहायचो. आकाश कोरडं ठणठणीत आणि वर्गात सदतीस इंद्रधनुष्यं. तू एकटीने लिहिलं होतंस, 'भिंतीच्या भोकात दोनशे बारा मुंग्या गेल्या, दोनशे नऊ बाहेर आल्या.' त्या तीन मुंग्यांसाठी तू घंटा झाल्यावरही तिथेच बसून राहिलीस आणि सिस्टर तुझ्या शेजारी उकिडव्या बसल्या, पांढऱ्या झग्याला माती लागली तरी. तुझं नाव त्याच दिवशी पडलं.

कामाचं. मसुदे स्कॅनिंगच्या बाईंकडे दिलेत. बाई शिस्तीच्या आहेत, त्यामुळे काळजी नाही. पूर्वी एक भानगड झाली होती. अर्थशास्त्राच्या सरांचे चौदा निबंध पाठपोट छापलेले होते आणि ते एकाच बाजूने स्कॅन झाले. पान एक, पान तीन, पान पाच. तीन वर्षं ते तसेच भांडारात होते. एकाही माणसाने तक्रार केली नाही. सरांनीसुद्धा नाही. माझ्या लक्षात आलं तेव्हा मी भिंतीवर पाटीच लावली, 'कागद कुठलाही असो, दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात.' तेव्हापासून बाई कागद दिसला की उलटतात.

पुढच्या आठवड्यात सगळं चढवते. दादाच्या पाटीला खिळे आणून ठेवा.

तुझं
घुबड


१६ सप्टेंबर

चि. छोटी,

अनेकानेक आशीर्वाद. तू कळवलेला आकडा मी तुझ्या वहिनीकडून चार वेळा वाचून घेतला. तीन आठवड्यांत दोन हजार तीनशे वाचक! मी अकराच धरून चाललो होतो. म्हणजे जगाला गोगलगायीची केवढी भूक होती आणि आजवर तिच्यापुढे ताट वाढणारा कुणी नव्हता. सतरावा निबंध सगळ्यात जास्त वाचला गेला याचं मला नवल वाटत नाही. त्याच्या प्रस्तावनेत मी उपमा फार सुंदर योजली आहे. लोक बहुधा त्यासाठीच येत असावेत.

कुलसचिवांना मी हा आकडा कळवला आहे. खोलीला उत्तरेची खिडकी असावी असंही सुचवलं आहे.

तुझा
दादा

ता. क. दूधवाल्याला सांगून झालं, इस्त्रीवाल्याला सांगून झालं. आज हे समोरच्या दातांच्या डॉक्टरांकडे नुसतं आकडा सांगायला गेले आणि एक दाढ काढून आले. तोंड सुजलंय, तरी हसतात. किती वर्षांनी असे बघितले. घुबडा, तुझे उपकार झाले.


१९ सप्टेंबर

मुंगे,

उपकार नको म्हणू. हे बसून वाच.

बाईंनी दोन्ही बाजू स्कॅन केल्या. पाटीत लिहिल्याप्रमाणे. एकतीस निबंध, आणि प्रत्येक पानामागे तुझं ते खरडलेलं. मी न बघता सगळं चढवलं. चार वर्षं मी गावोगाव भाषणं देते, संशोधन लोकांपर्यंत पोचलं पाहिजे म्हणून, आणि माझ्याच हाताखालून गेलेलं एक पान मी उलटून बघितलं नाही.

दोन हजार तीनशे लोक येतात ते तुझ्यासाठी. दादाची पुढची बाजू कुणी दोन सेकंदही उघडी ठेवत नाही. आमच्या यंत्राला तेही कळतं, नाइलाज आहे. सगळे मागे जातात.

काल मी दार लावून सगळं वाचलं. एकोणीस वर्षं. रोज पहाटे, मागच्या अंगणातली भिंत, तिच्यावरच्या गोगलगायी. तारीख, आकडा आणि एखादा शब्द. 'ढग.' 'कोरडं.' 'पाल होती.' 'नवीन चुना, एकही नाही.' रोपवाटिकेच्या बाईंनी त्यावरून रोपं लावायचा आठवडा बदलला. त्यांचा कोबी वाचलाय आणि त्यांनी ते ओळखीच्या सगळ्या बागवाल्यांना कळवलंय. दूर कुठल्या देशातल्या एका संशोधकाचं पत्र आलंय. तो लिहितो, एकाच भिंतीची इतकी वर्षं, एकही दिवस न चुकता केलेली मोजणी त्याने आजवर पाहिलेली नाही; हिचा कर्ता कोण? शिवाय त्याने विचारलंय की सतराव्या निबंधातलं कोष्टक अकराव्या निबंधाच्या पाठीवर आधीपासून कसं काय आहे. सतराव्या निबंधात त्या कोष्टकाखाली छापलंय, 'निरीक्षण: लेखक.'

मी मोजलं. असे नऊ निबंध आहेत. त्यांच्यावर तुझं नाव चढलं तर दादाचे एकट्याने लिहिलेले उरतात बावीस. तीस लागतात.

मागच्या बाजू आज काढून टाकल्या तर कुणाला काही कळणार नाही, त्या संशोधकाला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देईन आणि पाटी लागेल. आणि तुझं नाव चढवलं तर पाटी गेली. एका बाजूला सख्खा भाऊ आणि एका बाजूला तू. मला ठरवता येत नाहीये. तू सांगशील ते करते.

घुबड


२३ सप्टेंबर

घुबडा,

काढून टाक. यात विचार कसला करायचाय? मला पाटी नको, खोली नको. मी मोजते ते मला मोजायला आवडतं म्हणून. उजाडताना अंगणात कुणी हाक मारत नाही, चहा मागत नाही, 'माझा चष्मा कुठे' विचारत नाही. तेवढा वेळ माझा. त्याचं दर महिन्याला मी यांना कोष्टक करून द्यायचे, हे 'हं, ठेव' म्हणायचे. बटण लावून देतात तसं. त्याला नाव कशाला लागतं?

यांना दुसरं काही नाही गं. तू त्यांना शर्ट घालून बसलेलं पाहिलेलं नाहीस.

पण काढायच्या आधी एक दुरुस्ती कर. त्या परक्या माणसाने 'एकही दिवस न चुकता' लिहिलंय ना, ते खरं नाही. अकराव्या वर्षीचा एकोणीस ऑगस्ट बघ. तिथे एकेचाळीस लिहिलंय. मी त्या दिवशी गेलेच नव्हते. अंगात ताप होता. अंथरुणातच आदल्या दिवशीचा आकडा परत लिहिला. आठ वर्षं मला तो दिसतोय. लोक त्यावरून रोपं लावतात म्हणतेस, तर तिथे 'पाहिलं नाही' असं घाल. सिस्टर असत्या तर त्यांनी वही मिटून नुसतं बघितलं असतं माझ्याकडे.

मग काढ सगळं.

मुंगी


२६ सप्टेंबर

छोटी,

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहितो आहे. अक्षर लागलं नाही तर पुन्हा पुन्हा वाच, पण कुणाकडून वाचून घेऊ नकोस.

परवा इस्त्रीचा शर्ट घालून गावातल्या वाचनालयात गेलो होतो. माझा सतरावा निबंध संगणकावर बघावा, एवढाच उद्देश. तिथल्या बाईंना सांगितलं, मी या निबंधाचा लेखक. त्या उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, 'बसा ना सर! आमच्याकडे खूप जण हा बघायला येतात. लगेच मागचीच बाजू लावू का?'

त्यांनी लावली. अक्षर मला ओळखावं लागलं नाही. बत्तीस वर्षं मी दुसरं अक्षर पाहिलेलंच नाही.

आधी मला राग आला, तो लपवत नाही. माझ्या कागदाची पाठ माझ्या तोंडापेक्षा जास्त वाचली जाते, हे कुणाला आवडेल? उपमेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. मग मी तिथे बसून राहिलो, त्यांनी दिवे घालवायला घेतले तोवर. तो तुझ्या वहिनीचा दिनक्रम आहे असं मी समजत होतो. जसं पाणी भरणं, तसं ते. कोष्टक आलं की मी खाली लिहायचो, 'निरीक्षण: लेखक'. छोटी, तू मला लहानपणापासून ओळखतेस. मी जन्मात कधी उजाडताना उठलो आहे का?

तू तिला लिहिलेलं पत्र मी वाचलं. साखरेच्या बरणीखाली होतं. बोडक्या फळीवर दुसरं काहीच नसल्यामुळे लगेच दिसलं. तिने काय उत्तर दिलं असेल ते मला न वाचता कळतं.

तिचं ऐकू नकोस. एकही पान काढायचं नाही. लेखकाच्या रकान्यात पहिलं नाव तिचं, नऊच्या नऊ निबंधांवर, आणि मोजणीवर फक्त तिचं. दुरुस्तीचा जो फॉर्म असेल तो पाठव. मी सही करीन. फुली लागणार नाही.

कुलसचिवांना मी कळवलं आहे की माझे बावीसच भरतात. उत्तरेच्या खिडकीत थंडीत वारा फार येतो, तेव्हा तेही बरंच झालं.

मात्र मोजणीच्या तळाशी एक टीप घाल, 'कागद पुरवल्याबद्दल आभार', आणि पुढे माझं नाव. कागद जाड होता, म्हणून एवढा टिकला.

दादा

ते पुस्तक पाठवतो आहे.


१४ ऑक्टोबर

प्रिय दादा, प्रिय मुंगी,

तुम्हा दोघांना मिळून पत्र लिहायची ही पहिलीच वेळ, म्हणून मायना जरा अवघडला आहे.

पुस्तक मिळालं. अकरा वर्षं दोन महिने. आमच्या काउंटरवरच्या बाईंनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

दादा, सहीचे फॉर्म पोचले. नऊ निबंधांची दुरुस्ती झाली, मोजणीची वेगळी नोंद केली आणि कागदाचे आभारही मानले. परक्या संशोधकाला कळवलं. तो अकराव्या वर्षीच्या एकोणीस ऑगस्टवर फिदा आहे. म्हणतो, मोजणारी चांगली आहे हे त्याला आकड्यांवरून वाटत होतं, पण खात्री त्या 'पाहिलं नाही'ने पटली.

मानद पद अर्थशास्त्राच्या सरांना मिळालं. त्यांचे तेहतीस भरले. त्यातल्या चौदा निबंधांची अजूनही विषमच पानं आहेत. दोनदा स्मरणपत्र पाठवूनही सरांनी उरलेली दिलेली नाहीत. समितीने अहवालात त्यांच्या 'नेमक्या, आटोपशीर मांडणीचं' खास कौतुक केलंय. दादा, उत्तरेची खिडकी त्यांना मिळाली. खोकतात.

मुंगे, लेखकाच्या रकान्यात तुझं कुठलं नाव घालू? तूर्त मी दादाच्या आडनावाने घातलंय. सांगशील ते करते.

तुमची
छोटी, म्हणजेच घुबड


३० ऑक्टोबर

घुबडा,

वरच्या जागेत मी पहिल्यांदाच लिहितेय. खालच्या जागेत बरं होतं, तिथे पाठ टेकायला वरचा मजकूर असायचा.

शाळेच्या हजेरीत होतं ते नाव घाल, वडिलांच्या आडनावासकट. सिस्टर ज्या नावाने हजेरी घ्यायच्या ते. यांना आधी विचारलं. म्हणाले, 'आडनाव माझंच हवं असं काही नाही, टीप तेवढी राहू दे.'

रोपवाटिकेच्या बाई येऊन गेल्या. एवढ्या लांबून, मांडीवर खोकं घेऊन. कोबीची तीस रोपं आणली होती, 'मॅडम, तुमच्यामुळे वाचली' म्हणाल्या. मॅडम! मी मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून. रोपं भिंतीलगत लावली. चार दिवसांत आमच्या गोगलगायींनी सव्वीस खाल्ली. उरलेली चार यांनी बादलीखाली झाकून ठेवलीत.

हो, हे हल्ली उजाडताना उठतात. इस्त्रीचा शर्ट घालूनच अंगणात येतात. बॅटरी धरायचं काम यांचं. पहिल्या दिवशी बॅटरी माझ्या डोळ्यांत धरली आणि गोगलगायीचे दात समजावून सांगायला लागले. मी म्हटलं, 'बोलू नका, चुकेल.' गप्प बसले. बत्तीस वर्षांत यांना मी पहिल्यांदाच गप्प बसवलं आणि दोघांनाही बरं वाटलं. आता स्वतःही मोजतात. पण वरच्या कोपऱ्यातल्या हटकून दोनदा मोजतात, कारण प्रत्येकीला जरा वेळ थांबून न्याहाळतात.

फळ्यांना नवा कागद घातलाय. कोरा. यांनीच आणला, मुद्दाम जाड.

तुझी
मुंगी

ता. क. छोटी, आता खालची जागा माझी. आज भिंतीवर त्रेचाळीस होत्या. ती बेचाळीस म्हणते. तिचा आकडा घाल.
दादा